जुनं एसवाय आज किती कामाचं?

नमस्कार ताई,

मी भोसरीत मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. वय तेहतीस. पुण्यात बीकॉमला होते. एफवाय २०११-१२ मध्ये पास झाले. एसवाय २०१२-१३ मध्ये झालं, पण कॉर्पोरेट अकाउंटिंग राहिलं. एटीकेटीवर टीवायला ॲडमिशन घेतली, फी भरली आणि त्याच दिवाळीत लग्न ठरलं. परीक्षेला बसलेच नाही. आता कंपनीत असिस्टंट मॅनेजरची जागा निघाली आहे. नऊ-दहा वर्षं इथलं काम मीच बघते, पण एचआर म्हणतं ग्रॅज्युएट पाहिजे. माझ्या हाताखालची मुलगी मात्र अलीकडेच बीकॉम झाली आहे. एका 'काउन्सेलर'ने फोनवर सांगितलं की माझी दोन वर्षं क्रेडिट ट्रान्सफर करून सहा महिन्यांत डिग्री हातात मिळेल, पंचेचाळीस हजार लागतील, सगळं सरकारच्या 'अकॅडमिक बँके'तून कायदेशीर होतं. हे खरं आहे का? ती दोन वर्षं फुकट गेली म्हणायची का? नोकरी सोडता येणार नाही, मुलगी तिसरीत आहे. आणि खरं सांगायचं तर या वयात कॉलेजच्या खिडकीवर उभं राहायची लाज वाटते.

ता. क. धाकट्या दिराने इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षानंतर २०२३ मध्ये सोडलं. त्यालाही हेच करता येईल का?

— एक वाचक, भोसरी

---

पंचेचाळीस हजार देऊ नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण हे आधी.

त्या काउन्सेलरने तुम्हाला निव्वळ थाप मारली असती तर तुम्ही ती ओळखली असती. तुम्ही रोज बिलं तपासता. त्याने अर्धं खरं सांगितलं, म्हणून गडबड झाली. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाची व्यवस्था खरंच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, जुलै २०२१ मध्ये तिचे नियम काढले. एका संस्थेत मिळवलेली क्रेडिट्स, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून मोजलेले श्रेयांक, जमा ठेवायची, दुसऱ्या संस्थेत वापरायची, मधे खंड पडला तरी परत यायचं, हे सगळं त्यात आहे. ते त्याने सांगितलं. त्याच नियमांतल्या तीन गोष्टी मात्र गाळल्या, आणि तुमच्या बाबतीत नेमक्या त्याच महत्त्वाच्या आहेत.

एक म्हणजे या बँकेत क्रेडिट भरतं ते विद्यापीठ. तुम्ही किंवा तुमच्या वतीने कुणी एजंट मार्कशीटची झेरॉक्स घेऊन गेलात तर ती घेतली जात नाही. शिवाय जमा झालेल्या क्रेडिटला मुदत असते, जास्तीत जास्त सात वर्षं. तुमचा शेवटचा निकाल २०१३ चा. आणि जी संस्था पदवी देणार, तिच्याकडेच किमान निम्मी क्रेडिट्स मिळवावी लागतात. आजची तीन वर्षांची पदवी साधारण १२० क्रेडिट्सची, वर्षाला ४०. म्हणजे तुमची मागची सगळी वर्षं मोजून घेतली असं धरलं तरी ६० क्रेडिट्स नव्याने करायची, आणि त्याला नेहमीच्या वेगाने दीड वर्ष लागतं. हुशार मुलांना लवकर पदवी पूर्ण करू देण्याची जी योजना यूजीसीने अलीकडे आणली, तिच्यातही तीन वर्षांची पदवी फार तर पाच सत्रांत होते. एक सत्र वाचतं, बस. सहा महिन्यांत पदवी म्हणजे एकतर बनावट कागद किंवा मागची तारीख टाकलेला कागद. कंपन्या आता पदवीची खातरजमा थेट विद्यापीठाकडून करून घेतात. ज्या बढतीसाठी हे करायचं, तिच्यातच तो कागद उघडा पडेल आणि नऊ-दहा वर्षं राखलेलं नाव जाईल.

आणखी एक बाब फोनवर कुणी सांगणार नाही. तुमच्या मार्कशीटवर क्रेडिट नावाचा रकानाच नसणार. तुमच्या वेळचं बीकॉम वार्षिक परीक्षेचं होतं: विषय, शंभरपैकी गुण, पास-नापास. त्यामुळे तुमच्या बाबतीत प्रश्न क्रेडिट हलवण्याचा नाही. जुना पेपर आजच्या कुठल्या पेपरच्या बरोबरीचा धरायचा, हा आहे. विद्यापीठात याला समकक्षता म्हणतात आणि पेपर सोडवावा लागला नाही तर त्याला सूट म्हणतात. चौकशीला जाल तेव्हा हेच शब्द वापरा. 'क्रेडिट ट्रान्सफर' म्हटलंत तर खिडकीवरचा माणूस तुम्हाला अकॅडमिक बँकेकडे बोट दाखवून मोकळा होईल.

दोन वर्षं फुकट गेली का? नाही. पण ती वापरू द्यायची की नाही हे तुमच्या हातात नाही, तुमच्या जुन्या कॉलेजच्याही हातात नाही. जे विद्यापीठ नव्या पदवीवर सही करणार, तेच ठरवणार. तुम्ही अकाउंट्सवाल्या आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगते: आपल्या लेजरला येणं दिसतंय एवढ्यावर भागत नाही, समोरच्या पार्टीने बॅलन्स कन्फर्म करावा लागतो, तोही लेखी.

मी एका विद्यापीठाच्या पात्रता विभागात नोकरी केली, त्यामुळे हे कन्फर्मेशन आतून कसं होतं ते मला माहीत आहे. कुणी तुमची गुणवत्ता तोलत नाही. टेबलावर दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवले जातात, तुमच्या वर्षाचा आणि आजचा, आणि घटक जुळवले जातात. त्यामुळे एफवायचे पेपर सहसा तरतात. इंग्रजी, अर्थशास्त्राची मूलतत्त्वं, गणित-संख्याशास्त्र, फायनान्शियल अकाउंटिंग यांत दहा-बारा वर्षांत जमीन-अस्मानाचा फरक पडलेला नसतो. एसवायचं वेगळं. तुम्ही कंपनी कायदा शिकलात तो १९५६ चा. तुमचा निकाल लागला आणि त्याच ऑगस्टमध्ये २०१३ चा नवा कायदा आला. तो पेपर कुणी अमान्य केला तर त्याच्यावर रागावू नका. तुम्ही पास झालात तो कायदा आता लागू नाही. ताळेबंदाचंही तसंच, तेव्हा त्याचा नमुना जुन्या कायद्यातल्या शेड्यूल सहाचा होता, आता नव्यातल्या शेड्यूल तीनचा, आणि तुम्ही कंपनीत रोज तोच वापरता. करांबद्दल तर बोलायलाच नको. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर व्हॅट, एक्साइज, सर्व्हिस टॅक्सची सगळी प्रकरणं पुस्तकातून गेली. तेव्हा मनाची तयारी अशी ठेवा: एफवाय बहुतेक धरलं जाईल, एसवायतलं थोडं, आणि राहिलेलं कॉर्पोरेट अकाउंटिंग नव्याने द्यावंच लागेल. याहून जास्त मिळालं तर आनंदच आहे.

आता कुठे जायचं. लोक हमखास एक दार विसरतात, ते म्हणजे स्वतःचं जुनं विद्यापीठ. का कोण जाणे, शिक्षण सुटलेल्या माणसाला तिथेच जायचं नसतं. इग्नू चालतं, परराज्यातलं ऑनलाइन विद्यापीठ चालतं, पण आपलं नको. खरं तर तिथे तुमची नोंद आहे, पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक आहे, निकाल त्यांच्याच लेजरात आहे. समकक्षतेचा सगळ्यात मोठा अडथळा, म्हणजे 'हे पेपर खरे कशावरून', तिथे उद्भवतच नाही. विद्यापीठ पॅटर्न बदलतं तेव्हा जुन्या पॅटर्नच्या विद्यार्थ्यांनी नव्यात कसं यायचं याचे तक्तेही बहुधा काढतं. पदवी पूर्ण करायची कमाल मुदत उलटून गेलेल्यांना कधीकधी विशेष संधी जाहीर होते. आणि पूर्वी जे बहिःस्थ म्हणून परीक्षा द्यायचे त्यांच्यासाठी पुणे विद्यापीठात आता दूरशिक्षणाचा विभाग आहे, म्हणजे रोज वर्गात बसायची गरज नाही.

तिथे तोंडी चौकशी करू नका. एक पानाचा अर्ज लिहा. त्यात तुमचं तेव्हाचं नाव, आताचं नाव, पीआरएन, कॉलेज, कोणत्या वर्षी कोणता वर्ग, राहिलेला विषय, आणि शेवटी तीन प्रश्न: मला थेट तृतीय वर्षाला, दूरशिक्षणातून, प्रवेश मिळेल का? नसेल तर कोणत्या वर्षाला मिळेल? आणि जुन्या पॅटर्नमधला राहिलेला विषय आता कोणत्या नावाने द्यायचा? सोबत दोन्ही वर्षांच्या मार्कशीटच्या साक्षांकित प्रती. अर्ज आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. हा शिक्का क्षुल्लक वाटतो. पण 'या, बघू'ला उत्तर द्यायला तोच लागतो, कारण आवक क्रमांक पडला की कागद कुठल्या टेबलावर आहे हे विचारता येतं. अर्ज एकदाच सुट्टी काढून देऊन या, पुढचा पाठपुरावा ईमेलने करा.

आणि एक गोष्ट या टप्प्यावर अजिबात करू नका. टीसी आणि मायग्रेशन काढू नका. बाहेरचे सल्लागार आधी तेच काढायला लावतात. मायग्रेशन म्हणजे तुम्ही हे विद्यापीठ सोडल्याचा दाखला. तो निघाला की परतीची वाट किचकट होते, पात्रतेची प्रक्रिया पुन्हा करावी लागते. आधी कुठे जायचं ते ठरू दे, मग तिथला प्रवेश अर्ज मागेल तेव्हा काढा.

जुन्या विद्यापीठाने महिन्याभरात नीट उत्तर दिलं नाही, किंवा पहिल्यापासून सुरू करा म्हटलं, तर मुक्त विद्यापीठ. तुमच्यासाठी मी दोनच नावं घेईन. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, त्यांची अभ्यासकेंद्रं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, मराठीतून शिकण्याची सोय आहे आणि तुमच्यासारखे नोकरी-संसारवाले विद्यार्थी हे त्यांचं नेहमीचं गिऱ्हाईक आहे. दुसरं इग्नू, १९८५ चं, पुण्यात त्यांचं प्रादेशिक केंद्र आहे. इग्नूत वर्षातून दोनदा प्रवेश होतात, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी, आणि परीक्षाही दोनदा, जून आणि डिसेंबर. तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत असते, आणि एका वेळी किती पेपरला बसायचं ते तुम्ही ठरवायचं. तुमच्यासारखीला ही ढील फार उपयोगाची आहे. एका जूनमध्ये मुलगी आजारी पडली आणि दोनच पेपर झाले, तरी आभाळ कोसळत नाही.

दोन्हीकडे प्रवेशाआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका पूर्ण वाचा. मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या प्रवेशाचे नियम सांगितले तर ते ऐका आणि विसरा. वरच्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो का, दुसऱ्या विद्यापीठाच्या पेपरांना सूट मिळते का, त्याला वेगळी फी किती, अर्ज प्रवेशाबरोबर करायचा की प्रवेश झाल्यावर, आणि सूट मिळालेल्या पेपरांचे गुण अंतिम श्रेणीत धरले जातात की नुसता पेपर माफ होतो, हे सगळं त्यात बघा. शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. तुमच्या एचआरला किमान टक्के लागत असतील तर तो तुम्हाला विचारावाच लागेल.

सूट मागताना तुमच्या वर्षाचा अभ्यासक्रम लागेल, पेपरवार, घटकांसकट. मार्कशीटवर फक्त विषयाचं नाव असतं, नावावरून कुणी काही जुळवत नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जुने पॅटर्न बऱ्याचदा पडून असतात; नसतील तर कॉलेजचं ग्रंथालय बघा. ग्रंथपाल हा कॉलेजातला सर्वांत कमी वापरलेला मदतनीस आहे असं माझं ठाम मत आहे. सापडलेल्या प्रतीवर कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा शिक्का घ्या. यात वेळ जातो, म्हणून हे काम अर्जाचं उत्तर यायची वाट न बघता आजच सुरू करा.

पण, आणि इथे मी थोडी कठोर बोलणार आहे, चार पेपर वाचवण्याच्या नादात प्रवेशाची मुदत घालवू नका. मी खिडकीच्या आतून हे पुष्कळ पाहिलं. माणूस समकक्षतेच्या पत्राची वाट बघत बसतो, जुलै जातो, मग म्हणतो जानेवारीत बघू, मग मुलाची दहावी येते. पेपर वाचतात आणि वर्षं जातात. मुदत आली आणि उत्तर आलं नसेल तर जो वर्ग नक्की मिळतोय त्याला प्रवेश घ्या, आणि पेपरांना सूट मागण्याचा पाठपुरावा प्रवेश झाल्यावर करता येतो तिथे तो नंतर करा. एफवायचं अकाउंटिंग पुन्हा द्यावं लागलं तर तुम्हाला त्यासाठी दोन रविवार पुरतील.

प्रवेशासाठी एक आयडी लागेल. २०२४ पासून दूरशिक्षणाच्या आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोचा डीईबी आयडी काढावा लागतो आणि तो अकॅडमिक बँकेच्या आयडीवरून निघतो. म्हणजे त्या बँकेत तुमचं खातं उघडेलच, फक्त जुनी शिल्लक शून्य असेल आणि नवे पेपर त्यात जमा होत जातील. हे सगळं फुकट आहे, घरी बसून होतं. 'आयडी काढून देतो' म्हणून कुणी पैसे मागितले तर तो तोच काउन्सेलर समजा. त्याच ब्युरोच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या सत्रासाठी, कोणत्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे ते दिसतं. विद्यापीठ मान्य असलं तरी तुमचा अभ्यासक्रम त्या सत्रासाठी मान्य आहे का ते बघायचं असतं. आणि दूरशिक्षणात फ्रँचायझी चालवायला बंदी आहे, म्हणून गल्लीतल्या दुकानात 'आमच्याकडे अमुक विद्यापीठाचं सेंटर आहे' असं ऐकलं की अभ्यासकेंद्रांची यादी त्या विद्यापीठाकडेच ताडून बघा.

इथेच नावाचा घोळ निघणार. बारावीची आणि कॉलेजची मार्कशीट माहेरच्या नावावर, आधार सासरच्या. आयडी आधारवरून निघतो, विद्यापीठ बारावीवरून नाव घेतं, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून अर्ज अडकतो. पदवीवर कोणतं नाव हवं ते आधी ठरवा. माहेरचं ठेवायचं तर ते ठेवा, त्यात गैर काही नाही, फक्त विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा म्हणजे दोन्ही नावं एकाच बाईची हे दाखवता येतं. सासरचं हवं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या. तो अर्ज ऑनलाइन होतो, पण वेळ धरून चाला. शिवाय मधल्या वर्षांसाठी खंडाचं प्रतिज्ञापत्र लागू शकतं, ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात. आणि घरातल्या फायली शोधा. टीवायची ॲडमिशन घेताना मूळ बारावीची मार्कशीट कॉलेजने ठेवून घेतली असेल तर ती तिथेच असू शकते.

एचआरशी बोलताना दोन गोष्टी लेखी घ्या, साध्या ईमेलवर चालेल. दूरशिक्षणातली पदवी त्यांना चालते का? यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे त्या ईमेलमध्ये लिहा; माहीत नसतं म्हणून लोक नाही म्हणतात. दुसरं, शेवटच्या वर्षाला असताना जागेसाठी अर्ज करता येईल का? कधीकधी 'पदवी अमुक तारखेपर्यंत सादर करीन' एवढ्यावर काम होतं. ही जागा तुमच्यासाठी दोन-अडीच वर्षं थांबेल असं मी म्हणणार नाही. बहुतेक ती दुसऱ्या कुणाला जाईल. पदवी या जागेसाठी नको, पुढच्या जागेसाठी करा.

आता वेळेचं बघू. कागदी हिशेबात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. वर्षाचे ४० क्रेडिट म्हणजे १,२०० तास, आठवड्याला तेवीस. नोकरी, मुलगी, स्वयंपाक आणि रविवारी येणारे पाहुणे यातून तेवीस तास कुणालाही निघत नाहीत, आणि जी बाई निघतात म्हणते ती सोशल मीडियावर लिहीत असते. तुम्हाला तेवढे लागणारही नाहीत, कारण निम्मा विषय तुम्ही रोज हाताळता. पण वर्षाचे सगळे पेपर एकाच दमात घेऊ नका. पहिल्या परीक्षेला तीन-चारच घ्या आणि अंदाज घ्या.

तुमच्या कामाला एक ठरलेली लय आहे, तिचा फायदा घ्या. सात तारखेला टीडीएस भरायचा, अकराला जीएसटीआर-१ आणि वीसला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. म्हणजे महिन्याचे पहिले वीस दिवस तुमचे नाहीत. एकवीसपासून महिनाअखेर क्लोजिंग सुरू होईपर्यंतचे आठ-नऊ दिवस तुमचे. तेव्हाच नवीन प्रकरण वाचा, गणितं सोडवा. पहिल्या वीस दिवसांत फक्त आधीचं चाळा, पीएमपीच्या बसमध्ये, डबा खाताना. रोज दोन तासांचं वेळापत्रक करून भिंतीवर लावाल तर ते पहिल्याच जीएसटीआर-१ ला मोडेल, आणि मोडलं की मन खट्टू होतं. इग्नूत गेलात तर डिसेंबरची परीक्षा तुम्हाला जूनपेक्षा सोयीची जाईल असं मला वाटतं, कारण एप्रिल-मे वर्षअखेरच्या ऑडिटात जातो. असाइनमेंट्स मात्र लांबवू नका. त्यांचे ३० टक्के असतात आणि त्यात वेगळं पास व्हावं लागतं.

एक धोका मुद्दाम सांगते, कारण हुशार अकाउंटंट त्यातच पडतात. टॅलीत एंट्री मारणं आणि पेपरात जर्नल लिहिणं वेगळं आहे. परीक्षकाला नरेशन हवं, वर्किंग नोट हवी, ठरलेला फॉर्मॅट हवा. शेअर फॉरफीचर किंवा कन्साइनमेंट तुम्ही कंपनीत कधी पाहिलं नसेल. 'हे तर रोजचंच' म्हणून तो पेपर शेवटच्या आठवड्यावर टाकू नका; जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन हाताने, वहीत, पेनने सोडवा. इतक्या वर्षांत तीन तास सलग लिहिलेलं नाही, मनगटच आधी कुरकुर करेल.

स्वयम् या सरकारी संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम करून क्रेडिट मिळतात, हेही कुणीतरी सांगेल. मिळतात. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तसे करू देता येतात. पण तुमच्या विद्यापीठाने तो विशिष्ट कोर्स तुमच्या पदवीसाठी स्वीकारलेला असला तरच, आणि त्याची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. आधी कोर्स करून मग 'हा धरा' म्हणून गेलात तर नुसतं प्रमाणपत्र हातात राहील. पहिल्या वर्षी याच्या मागे लागू नका. आणि नोकरीच्या अनुभवाची क्रेडिट्स मिळतील अशी भाषा नव्या शैक्षणिक धोरणात आहे खरी, पण तुमच्या बीकॉमच्या हिशेबात ती धरू नका.

खिडकीवरच्या लाजेबद्दल. खिडकीच्या आत बसलेल्याला तुमचं वय दिसत नाही, अर्जातली चूक दिसते. मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा केंद्रावर तर तुमच्या बाकावर एका बाजूला एखादा पोलीस हवालदार आणि दुसऱ्या बाजूला अंगणवाडीताई असेल, दोघंही तुमच्याहून मोठे. तुमच्या हाताखालच्या मुलीला बाहेरून कळायच्या आधी हे स्वतःच सांगून टाका आणि तिची टीवायची पुस्तकं मागून घ्या. ती अलीकडेच या सगळ्यातून गेली आहे, नव्या पॅटर्नबद्दल तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दिराचं प्रकरण निराळं आहे. इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणातून करताच येत नाही, यूजीसीच्या नियमांत त्याला मनाई आहे, म्हणून त्याला नोकरी करता करता हा रस्ता नाही. मात्र त्याने २०२१ नंतर शिकलेलं असल्याने त्याची क्रेडिट्स अकॅडमिक बँकेत असण्याची शक्यता आहे आणि सात वर्षांची मुदतही संपलेली नाही. डिजिलॉकरमध्ये जाऊन खात्यावर काय जमा दिसतं ते आधी बघायला सांगा. काही दिसत नसेल तर कॉलेजला क्रेडिट्स भरायला अर्ज करू दे, तो अर्जही आवक शिक्क्यासकट. मग मला वेगळं पत्र लिहायला सांगा, आणि त्यात विद्यापीठ, शाखा, कितव्या सत्रापर्यंत पास आणि किती विषय राहिले एवढं तरी त्याने स्वतःच्या हाताने लिहावं.